आजोबांच्या ट्रंकेतलं जपानी पदक आणि अठरा हजारांचा इराणी बिल्ला: पारख कशी करायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. सातारा जिल्ह्यातल्या तुमच्या घरी आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत एक जपानी पदक सापडलं. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात लढले, एवढंच घरात माहीत आहे. पदकावर कावळ्यासारखा पक्षी, खाली एकमेकांवर तिरपे टेकवलेले दोन झेंडे, वर फूल. मागच्या बाजूला डोंगर, ढग आणि लाटा. त्यामुळे तुम्हाला या विषयाची गोडी लागली आणि आता ऑनलाइन लिलावातला एक इराणी बिल्ला तुम्ही हेरून ठेवलाय. त्यावर मिन्यात काढलेला सिंह आणि सूर्य आहे, वर मुकुट आहे. मागे १३१० हा हिजरी सन आहे, म्हणजे १८९२ सालचा, इराणच्या कजार राजघराण्याच्या काळातला माल, असं विक्रेता सांगतो. किंमत अठरा हजार. तुमचं विचारणं असं की दोन्हींना लावता येईल अशी एखादी खात्रीची कसोटी आहे का.

तशी एक कसोटी नाही. गेली पंचवीसेक वर्षं मी या दोन्ही देशांची पदकं जमवतो आहे, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही तीच शोधत होतो. जपानी पदकात जी गोष्ट संशय घ्यायला लावते, तीच इराणी पदकात अगदी सहज असू शकते. इराणी पदकात जी गोष्ट पाहून मी पैसे परत मागेन, ती जपानी पदकात असायलाच हवी. या उलटसुलटपणाचं कारण समजलं की बाकीचं सगळं भिंग आणि सराव.

जपानपासून सुरू करू. मेइजी सम्राटाच्या काळात जपाननं मानचिन्हांची पद्धत युरोपकडे बघून पण अतिशय शिस्तीत उभी केली. उगवत्या सूर्याचं मानचिन्ह १८७५ सालचं, पवित्र रत्नांचं १८८८ चं, फक्त सैनिकांसाठी असलेलं सोनेरी घारीचं १८९० चं. १८७६ पासून या सगळ्यासाठी सरकारचं वेगळं खातं होतं. नमुना ठरलेला, ठसा ठरलेला, फीत आणि पेटीसुद्धा ठरलेली; पुढे हे काम ओसाकाच्या टांकसाळीत होऊ लागलं. त्यामुळे एकाच मोहिमेची दोन जपानी पदकं शेजारी ठेवली तर पिसाला पीस आणि रेघेला रेघ जुळली पाहिजे. पक्ष्याचं पंख एका पदकात थोडं रुंद दिसलं, तर ‘हातकाम आहे, फरक असायचाच’ ही विक्रेत्याची सबब मान्य करू नका. ते हातकाम नाहीच, ठशाचं काम आहे.

तुमच्याकडचं पदक वर्णनावरून मला लगेच ओळखू आलं. जपानी ज्याला ‘चीनमधली घटना’ म्हणत, म्हणजे १९३७ पासूनचं चीनवरचं युद्ध, त्यात भाग घेतलेल्यांसाठीचं हे पदक. १९३९ साली ते सुरू झालं. पक्षी साधा कावळा नाही. पहिला सम्राट जिम्मू याला वाट दाखवणारा दंतकथेतला यातागारासू आहे तो; भिंगातून बघा, तीन पाय दिसायला हवेत. वरचं फूल म्हणजे राजघराण्याची शेवंती. मागचे डोंगर उत्तर चीनचे, ढग मध्य चीनचे आणि लाटा पीत समुद्राच्या. पदक कांस्याचं, सुमारे तीस मिलिमीटरचं. वरच्या पट्टीवर चार अक्षरं असतात आणि ती उजवीकडून डावीकडे वाचायची. फितीच्या मागे सेफ्टी पिन नसून ब्लाउजला असतो तसला आकडा असतो.

तुमच्या मनाची तयारी व्हावी म्हणून हेही सांगतो: हे पदक दुर्मीळ नाही. लाखो सैनिक त्या युद्धात होते, त्यामुळे ते भरपूर मिळतं, आणि भरपूर मिळणाऱ्या वस्तूची नक्कल करण्यात कुणाला फारसा फायदा नसतो. नकला होतात त्या १८७४ च्या तैवान मोहिमेच्या पदकाच्या, सोनेरी घारीच्या, मांचुकुओ या मांचुरियातल्या जपानच्या बाहुल्या राज्याच्या मानचिन्हांच्या. १९४४ साली जाहीर झालेल्या ‘बृहत् पूर्व आशिया युद्ध’ पदकाबाबत तर दुप्पट सावध राहा. ते सैनिकांना दिलंच गेलं नाही आणि युद्धानंतर बहुतेक नष्ट करण्यात आलं, तरी बाजारात मात्र ते नियमित भेटतं. तेव्हा तुमचं पदक अस्सल असण्याची शक्यता मला पुष्कळ वाटते. त्याचं खरं मोल तुमच्या आजोबांच्या हकिकतीत आहे, आणि ती अजून शोधता येईल.

आजोबांची पलटण कोणती होती, हे डिस्चार्ज बुकात बघा. चौथी बटालियन असेल तर मार्च १९४४ मध्ये ती मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांशी लढली होती. पहिली बटालियन असेल तर वाट वेगळीच निघते: ती युद्धानंतर १९४६-४७ मध्ये जपान ताब्यात ठेवणाऱ्या राष्ट्रकुलाच्या फौजेत प्रत्यक्ष जपानमध्ये होती. मग पदक रणांगणावरून उचललेलं नसून एखाद्या जपानी गावात विकत किंवा बदल्यात घेतलेलं असू शकतं. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या, पण वेगळ्या. ‘आजोबांनी शत्रूकडून जिंकून आणलं’ असं घरात म्हणत असतील, तरी कागद मिळेपर्यंत ते घरातलं बोलणं म्हणूनच लिहून ठेवा.

पुढे आणखी जपानी पदकं घेणार असाल तर सन वाचायला शिका, एका संध्याकाळचं काम आहे. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे आपलं अधिकचं चिन्ह. बाकीचे आकडे कागदावर उतरवून खिशात ठेवा. जपानी वर्षं सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे मोजतात: मेइजी वर्षात १८६७ मिळवायचे, त्यानंतरच्या ताइशोत १९११, त्यानंतरच्या शोवात १९२५. रशिया-जपान युद्धाच्या पदकामागे तीन रेघा, अधिक, सात, आठ अशी मांडणी दिसते. म्हणजे मेइजी ३७-३८, आपले १९०४-०५. त्याआधीच्या चीन-जपान युद्धाच्या पदकावर २७-२८. हे दुसरं पदक जिंकलेल्या चिनी तोफांच्या कांस्यातून पाडलं होतं, आणि ते हातात घेतल्यावर मला दर वेळी तेच आधी आठवतं.

एक गैरसमज मला महिन्यातून एकदा तरी दूर करावा लागतो. चांदीचं गोल पदक, मध्ये क्रॉस, भोवती फिनिक्स पक्षी, बांबू आणि पावलोनियाची पानं. लोक त्याला ‘शौर्यपदक’ समजून मोठी रक्कम मोजतात. ते जपानी रेडक्रॉसचं सभासद-पदक आहे, वर्गणी भरणाऱ्याला मिळायचं. सुंदर आणि अस्सल असतं, पण शौर्याशी त्याचा संबंध नाही. ठशाचा जो कडक नियम वर सांगितला तो सरकारी मानचिन्हांना आणि युद्धपदकांना लागतो. माजी सैनिकांच्या संघटना, महिलांच्या देशभक्त संस्था यांचे बिल्ले खाजगी कारागीर करायचे, तिथे थोडाफार फरक चालतो.

आता इराण. ही पदकं हाताळताना मराठी माणसाला एक आपलेपणा जाणवतो, कारण अर्धा शब्दसंग्रह ओळखीचा निघतो. मानचिन्हाला फारसीत ‘निशान’ म्हणतात, ते देणाऱ्या कागदाला ‘फर्मान’, रंगकामाला ‘मीना’. अस्सल आणि नक्कल हे आपले शब्दही अरबी-फारसीच्याच वाटेनं आलेले.

सिंह-सूर्याचं निशान फतह अली शाहनं १८०८ साली सुरू केलं, ते मुख्यतः परदेशी वकील आणि अधिकाऱ्यांना गौरवण्यासाठी. पुढे त्याचे वर्ग झाले, इराण्यांनाही ते मिळू लागलं आणि १९२५ मध्ये कजार घराणं जाईपर्यंत चाललं. नासिरुद्दीन शाहनं १८७३, १८७८ आणि १८८९ असे तीन युरोप दौरे केले, त्याच्यानंतरच्या मुजफ्फरुद्दीननं १९०० पासून आणखी तीन. जिथे जातील तिथे निशानं दिली. पण पुष्कळांच्या हातात पडायचं ते फर्मान. प्रत्यक्ष बिल्ला ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे करून घ्यायचा: कुणी तेहरानच्या मिनाकाराकडून, कुणी पॅरिसच्या जवाहिऱ्याकडून, कुणी पीटर्सबर्ग किंवा व्हिएन्नात.

परिणाम असा की ‘बरोबर’ नमुना असा एक नाहीच. एका निशानात सिंह बसलेला, दुसऱ्यात तलवार घेऊन उभा. एकात सूर्याचा चेहरा सुरेख इराणी स्त्रीचा, कमानदार भुवयांचा. पॅरिसच्या कारागिरानं केलेल्यात तीच बाई फ्रेंच दिसते, आणि सिंहाला कधी कधी कुत्र्याचं तोंड आलेलं असतं. हे सगळे अस्सल.

मी इथेच एकदा पक्का चुकलो. तेव्हा माझा सगळा सराव जपानी पदकांवर झाला होता. मुंबईत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सिंह-सूर्याचं एक तारकाचिन्ह माझ्यासमोर ठेवलं गेलं. चांदीचे किरण पैलू पाडलेले, मध्ये मिना. माझ्याकडे असलेल्या छायाचित्रातल्या सिंहाची शेपटी वर वळलेली होती, याची खाली. किरणांचे पैलूही जुळेनात. मी पाच मिनिटांत ‘नक्कल’ म्हणून ते परत केलं. दुकानदारानं काही वाद घातला नाही, पिन उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, ‘इथे काहीतरी डुकराचं तोंड आहे बघा.’ मी ते ऐकूनही घेतलं नाही. वर्षभरानं कळलं की रानडुकराचं मुंडकं म्हणजे पॅरिसमध्ये १८३८ पासून लहान चांदीच्या वस्तूंवर मारला जाणारा शुद्धतेचा छाप. ते निशान पॅरिसमध्ये घडवलेलं, त्या काळातलं आणि उत्तम होतं. मी परत गेलो तोवर ते गेलं होतं. नंतर इतकं चांगलं तारकाचिन्ह मला परवडेल अशा किमतीत पुन्हा मिळालं नाही.

तेव्हापासून इराणी वस्तू हातात आली की मी सिंह शेवटी बघतो. आधी पिन, कडी, बिजागरी आणि मागची बाजू. फ्रेंच सोन्यावर गरुडाचं मुंडकं. रशियन चांदीवर ८४ चा आकडा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीपासून शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचं मुंडकं. ते डावीकडे बघत असेल तर १९०८ च्या आधीचं, उजवीकडे बघत असेल तर नंतरचं. ऑस्ट्रियन चांदीवर डायनाचं मुंडकं. हे छाप तांदळाच्या दाण्याहून लहान असतात, दहापट भिंगाशिवाय दिसत नाहीत. तेहरानच्या कामावर बहुधा काहीच छाप नसतो. तिथे मग मिन्याचा दर्जा, डाखाचं काम आणि झीज यांवरच निवाडा करावा लागतो, आणि अशा वेळी माझं मत ‘बहुधा’ याच्या पुढे जात नाही.

नकला ओळखायच्या तर इथे जपानच्या उलट चाला. इराणी बिल्ले वेगवेगळे असणं साहजिक आहे, त्यामुळे दोन विक्रेत्यांकडचे दोन बिल्ले तंतोतंत सारखे निघाले तर माझ्या मनात धोक्याची घंटा वाजते. सिंहाच्या मांडीवर तोच खड्डा, सूर्याच्या गालावर तोच ओरखडा. खऱ्या वस्तूचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत मूळ वस्तूच्या जखमाही उतरतात. विकत घेण्याआधी जुन्या लिलावांची छायाचित्रं चाळायची ती असलं जुळं सापडतंय का हे बघण्यासाठी.

आता तुमच्या अठरा हजारांच्या बिल्ल्याकडे येतो. मला सगळ्यात जास्त खटकतोय तो १३१०. इराणमध्ये १९२५ पर्यंत सरकारी व्यवहारात मुख्यतः चांद्र हिजरी सन होता, त्यानंतर सौर हिजरी आला. १३१० चांद्र असेल तर १८९२-९३, नासिरुद्दीन शाहचा काळ. तोच १३१० सौर असेल तर १९३१-३२, म्हणजे रजा शाह पहलवीचा काळ. आकडा एकच, मध्ये चाळीस वर्षं आणि एक अख्खं घराणं. चांद्र सनाचा हिशोब करायचा तर आकड्यातून तीन टक्के वजा करून ६२२ मिळवा; सौरात सरळ ६२१ मिळवा.

दोन्हींतलं काय, हे मुकुट सांगेल. कजारांचा कियानी मुकुट उंच, वर तुरा. पहलवी मुकुट १९२६ च्या राज्याभिषेकासाठी नव्यानं घडवला; त्याला किल्ल्याच्या तटासारखे पायऱ्यांचे कंगोरे आहेत आणि समोर किरणं फाकलेला सूर्य. शिवाय कजार काळातल्या सूर्याला डोळे, नाक, ओठ असतात; पहलवी काळात राजचिन्हातल्या सूर्याचा चेहरा काढून टाकला गेला. तुमच्या बिल्ल्याला कंगोऱ्यांचा मुकुट असेल तर तो नकली ठरत नाही, पण मानचिन्हाऐवजी एखाद्या टोपीचा किंवा खात्याचा बिल्ला असण्याची शक्यता वाढते आणि अठरा हजार फार होतात. इराणमध्ये रेडक्रॉसचं काम ‘लाल सिंह आणि सूर्य’ या नावाची संस्था १९८० पर्यंत करत होती, तिचेही बिल्ले ‘कजार’ म्हणून विकले जातात. आणखी एक वाईट प्रकार असा की कजारांच्या चांदीच्या नाण्यांवरही सिंह-सूर्य असे. अशा नाण्याला कडी डाखून ‘पदक’ केलेलं असतं. कडीच्या मुळाशी डाखाचा राखाडी ओघळ दिसतो का, आणि कडेला नाण्याच्या दातऱ्या आहेत का, ते बघा.

दोन्ही देशांच्या वस्तूंना लागू पडतील अशा काही तपासण्या आहेत, पण त्या खोटं पकडायला उपयोगी; खरं सिद्ध करायला पुरत नाहीत. ओतीव वस्तूच्या सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबण वितळल्यासारख्या मऊ असतात, आणि धातू थंड होताना आकसल्यामुळे ती मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान भरते. म्हणून व्हर्नियर कॅलिपर जवळ असू द्या. चांदीची शंका असेल तर दोऱ्याला बांधून पाण्यात तोला: कोरडं वजन भागिले पाण्यात कमी झालेलं वजन. शुद्ध चांदी १०.५ च्या आसपास, पितळ साधारण साडेआठ. मिना, फीत किंवा लाखेचं काम असलेल्या वस्तूला मात्र हे करू नका. आकडाही चुकेल आणि वस्तूही बिघडेल.

खरा मिना म्हणजे भट्टीत वितळवलेली काच. तो फुटतो तेव्हा शिंपल्यासारखा टवका उडतो. रेझिनचा खोटा मिना टवका न उडता खरचटतो, आणि कडेला रंग धातूवर चढलेला दिसतो. तापलेली सुई टोचून बघा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. भिंगाखाली पाच मिनिटं घालवली तर तेच कळतं.

फितीवर अतिनील टॉर्च मारायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. धागा निळसर पांढरा चमकला तर फीत युद्धानंतरची, असा समज आहे. पण आपल्याकडे घरोघरी अशा फिती हौसेनं धुतलेल्या असतात, आणि आजच्या साबणाच्या पावडरीतला उजळ आणणारा पदार्थ शंभर वर्षांच्या रेशमालाही चमकवतो. त्यामुळे न चमकणारी फीत ही चांगली खूण, चमकणारी फीत हा नुसता प्रश्न.

झीज कुठे आहे ते बघा. कपड्यावर मिरवलेल्या पदकाची मागची बाजू घासलेली असते, पुढे पक्ष्याची छाती, सिंहाची आयाळ, सूर्याचं नाक गुळगुळीत झालेलं असतं, आणि खोलगट जागी काळपटपणा टिकलेला असतो. रसायनानं जुनी केलेली वस्तू सगळीकडे सारखीच काळी असते. म्हणूनच तुमचं पदक आता चिंच, राख, रांगोळी कशानंही घासू नका. तो काळपटपणा एकदा गेला की परत येत नाही, आणि पुढच्या माणसाला तपासायला काही उरत नाही.

कागद असतील तर उत्तम. जपानी मानचिन्हाबरोबर ‘कुन्की’ नावाचं प्रमाणपत्र असतं, इराणीबरोबर फर्मान. कागदावरचा वर्ग आणि वस्तूचा वर्ग जुळतो का ते आधी पाहा, कारण सुटा कागद आणि सुटं पदक नंतर एकत्र करून विकणारे आहेत. फर्मानावरचं शाहचं नाव आणि सन यांचाही मेळ बसवा. नासिरुद्दीन १८४८ ते १८९६, मुजफ्फरुद्दीन १८९६ ते १९०७, मग दोन वर्षं मुहम्मद अली, आणि १९२५ पर्यंत अहमद शाह.

कायद्याची एक गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. उद्या परदेशी संग्राहकानं चांगली किंमत देऊ केली तरी आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

इराणी बिल्ल्याचे पैसे अजून देऊ नका. विक्रेत्याकडून चार छायाचित्रं मागा: मुकुट जवळून, सूर्याचा चेहरा जवळून, पिन उघडून तिची आणि बिजागरीची आतली बाजू, आणि बिल्ला उभा धरून त्याची कड. शेजारी मिलिमीटरची पट्टी असू द्या. ती देण्यात त्यानं टाळाटाळ केली तर वस्तू सोडून द्या. दिली तर इथे टाका, मी बघतो. आणि आजोबांच्या पदकाच्या वरच्या पट्टीची मागची बाजूही पाठवा. तिथे आणखी चार अक्षरं असायला हवीत.